आष्टीच्या म्हशीचा चीक

परवा माझी भाचसून बाळाला घेऊन आली. खांद्याला पिशवी, पिशवीत विजेवर चालणारा पंप, आणि डब्या तर इतक्या की मला वाटलं लोणच्याचा धंदा काढलाय. बाळ अंगावर पीत नाही, म्हणून सगळं दूध पंपानं काढून पाजते म्हणाली. "मामी, तुम्हीही असंच केलं होतं ना? काहीतरी अनुभवाचं सांगा."

म्हटलं, बस. चहा टाकते. पण अनुभव कसला, फजिती आहे ती, आणि अशी फजिती गेवराईत माझ्याशिवाय कुणी करून घेतली असेल तर मी नाव बदलीन. आता तुम्हीही आलाच आहात तर ऐका.

तेव्हा रंगीत टीव्ही, फ्रिज असल्या वस्तू आमच्या गावात नुकत्याच यायला लागल्या होत्या. भुसार दुकानाला बरे दिवस आले म्हणून ह्यांनी फ्रिज आणला. गल्लीतला पहिलाच. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याला हळदकुंकू लावून बैठकीत उभा केला, आल्यागेल्याला दिसावा म्हणून. आणि गल्लीनं तो आपलाच मानला. कुणाचं विरजण, कुणाचा बर्फ, कुणाची उरलेली कणीक. फ्रिज आमचा, सामान गावाचं.

त्यातच माझा मुलगा झाला. इतका अशक्त की ओढायची ताकदच नाही त्याच्यात. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी काचेचा पंप दिला. त्याला मागं तांबडा रबरी फुगा, थेट रिक्षाच्या भोंग्यासारखा. वाजत तेवढा नव्हता. त्यांनी सगळं नीट समजावलं. ठरल्या वेळी काढायचं, भरून यायची वाट बघायची नाही. पंप दर वेळी उकळायचा. दूध गार ठेवायचं, आणि पाजताना भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, चुलीवर चढवायचं नाही. "आणि मन मोकळं ठेव," म्हणाल्या. "जीव मुठीत धरून बसलीस तर दूध उतरणार नाही."

आता आमच्या घरात मन मोकळं कुठून आणायचं? आत्याबाईंचं एकच. "दुधाला नजर लागती बाई. कुनाला दिसू द्यायचं न्हाई, कळू द्यायचं न्हाई." मग मी तुरीच्या पोत्यांमागं बसून चोरासारखी फुगा दाबायची. कडी वाजली की काळजात धस्स. थेंब थेंब यायचं नुसतं.

आणि नेमकी तेव्हाच बीडच्या एका शाळेत मास्तरीण म्हणून मुलाखत आली. मंगळवारी. शिकून घरात बसले होते, ही एकच संधी. पण मी दिवसभर बीडला, तर लेकराच्या पोटात काय घालायचं? म्हणून शनिवारपासून एकेक वाटी जमवायला लागले. स्टीलच्या किटलीत भरायचं, झाकण लावायचं, फ्रिजमध्ये मागं सारायचं. ती किटली म्हणजे माझी नोकरी होती हो, दुसरं काही नाही.

रविवारी शेजारच्या कौसाकाकू त्यांचं विरजण न्यायला आल्या. काकू मनानं देवमाणूस, पण हाताला चैन नाही. त्यांनी किटलीचं झाकण उघडलंच. "आगं, ही पिवळीधम्मक साय कशाची?"

आईच्या दुधावर गार झालं की साय चढते, हलवलं की मिसळते. हे आज मी कुणालाही सांगेन. तेव्हा मात्र आत्याबाईंचे डोळे आठवले आणि तोंडातून निघून गेलं, "चीक आहे काकू. माहेरी, आष्टीला, म्हैस व्यालीय."

माझ्या माहेरी म्हैस कधीच नव्हती. साधी शेळीसुद्धा नव्हती.

आणि सांगून सांगितलं ते काय, तर चीक. अहो, म्हैस व्याली की पहिला चीक गल्लीत वाटायचा असतो, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. ताक म्हणाले असते तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. काकूंचा चेहरा एकदम उजळला. "आन दडवून ठिवलास कावून? चीक दडवला तर म्हस आटती गं."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. म्हैस कोण ते मलाच ठाऊक होतं ना.

सांजेपर्यंत गल्लीभर झालं. येईल ती विचारतेय, खरवस कधी? मी आपली, उद्या बघू, परवा बघू. समोरचे आप्पा तर काठी टेकत दारात आले. सत्तरीचे, कपाळभर भस्म, तोंडात दात नाही. गल्लीतल्या सुनांशी मान वर करून बोलायचे नाहीत आणि आम्हीही त्यांच्यापुढं पदर ढळू द्यायचो नाही. जमिनीकडं बघत म्हणाले, "सूनबाई, खरवस तेवढा चावावा लागत न्हाई बघ."

सोमवारी आत्याबाई महादेवाला गेल्या, हे दुकानात, आणि बाळाशेजारी माझा डोळा लागला. उठून बघते तर फ्रिजमध्ये किटली नाही.

काकूंकडं धावले. चूल पेटलेली, वेलदोड्याचा वास, चार बायका जमलेल्या. काकू घाम पुसत म्हणाल्या, "आलीस? म्हणलं बाळंतीन बाई, तिला कशाला तरास, मीच करते. पर ह्यो काय थिजंना बघ. दोनदा वाफवला. तुझ्या भावानं पानी घातलंय का काय?"

दुसरी म्हणाली, "आष्टीकडची म्हस. तिकडं चारा कुठं हाय?"

आता बघा. इकडं लेकराचं दूध गेलं, नोकरी गेली, आणि मला राग कशाचा यावा? माहेरच्या म्हशीला नावं ठेवल्याचा. "म्हैस चांगली आहे आमची," मी तडकून म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातून आप्पांचा आवाज आला. ते तिथं आहेत हेच मला दिसलं नव्हतं. पातेलीतलं वाडगंभर घेऊन त्यांनी पिऊन संपवलं होतं. मिशा पुसत म्हणाले, "थिजंना तर ऱ्हाऊ द्या. बासुंदीवानी ग्वाड हाय. सूनबाई, म्हस इकायची आसंल तर पहिलं मला इचारा. लई गुनाची दिसती."

माझा बांध फुटला. रडत म्हणाले, "आप्पा, म्हैस मीच."

वाडगं खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला. आप्पा उठले, काठी घ्यायचीही विसरले आणि चालते झाले. दारात आत्याबाई बेलाचं पान घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता संपलं. त्या उंबऱ्यावर बसल्या, तोंडाला पदर लावला आणि जे हसायला लागल्या ते थांबेचनात. मग सगळ्याच.

काकूंना आधी भान आलं. "आगं पर उद्या लेकरू काय पील?"

त्या दिवशी मला बायकांनी मधोमध बसवलं, भोवती चादर धरली, पंप हातात दिला. काकू आप्पांच्या मिशांची नक्कल करत होत्या. मी हसून हसून बेजार, आणि दूध असं उतरलं की पंप दोनदा रिकामा करावा लागला. लपवायला आता काही राहिलंच नव्हतं ना. मंगळवारी किटली भरून ठेवूनच मी निघाले.

भाचसुनेनं विचारलं, "मग मामी, मी डबीवर काय लिहू?" म्हटलं, खरं ते लिही, ठळक लिही, आणि म्हैस मधे आणू नको.

मुलाखतीच्या सकाळी स्टँडवर आप्पा उभे होते. मी घाईनं पदर सावरला. तर सगळ्या स्टँडादेखत ते वाकले आणि माझ्या पायाला हात लावला. "पेलो ते पेलो," म्हणाले, "आता तू माझी माय. नोकरी लागंल तुला."

लागली. पुढं कित्येक वर्षं मी त्याच स्टँडवरून बीडला जायची आणि आप्पा समोरच्या हॉटेलातून भर गर्दीत ओरडायचे, "माय, डबा घेतलास का?"

शाळेतल्या नव्या बाई विचारायच्या, हे म्हातारबाबा कोण हो?

मी काय सांगणार? म्हणायचे, "थोरला."