कुंपणापलीकडचा दिवा

चैत्रात आमच्या परसातून सिंह राशीतल्या दीर्घिकांचे फोटो काढता येतात. मोगऱ्याच्या वाफ्याशेजारी दुर्बीण लावायची, तिला कॅमेरा जोडायचा आणि कोट्यवधी वर्षं चालत आलेला अंधुक प्रकाश तासन्‌तास गोळा करत बसायचं.

कुंपणापलीकडे दादा राहायचा, माझा थोरला भाऊ. जागेची वाटणी झाल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. त्याच्या मागच्या दारावरचा दिवा रात्रभर चालू असे आणि माझे फोटो धुरकट येत. एकदा वहिनींना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "भावोजी, ते तुम्हीच सांगा त्यांना." मी सांगितलं नाही. एवढ्या लांबच्या उजेडासाठी मी रात्र रात्र थांबत होतो, पण कुंपणापाशी जाऊन दोन शब्द बोलणं मला जमलं नाही.

परवा दहाच्या सुमाराला पलीकडे रिक्षा आली आणि जाताना दिवा बंद झाला. गावाला निघाले असतील, असं मला वाटलं. सिंह रास मावळेपर्यंत मी फोटो घेतले. इतकी स्वच्छ दीर्घिका मला आजवर मिळाली नव्हती. मी खुशीत झोपलो.

सकाळी रुग्णवाहिका दादाला घेऊन आली. रात्रीच दवाखान्यात त्याचा प्राण गेला होता.

"मला हाक का नाही मारलीत?" मी वहिनींना विचारलं.

"मारणार होते. तुम्ही परसात दिसत होतात," त्या म्हणाल्या. "पण हेच नको म्हणाले."

इतक्या वर्षांनी मी त्याच्या दारात उभा होतो. चपला कुठे काढायच्या, तेही मला माहीत नव्हतं.