तीन पाटे जास्त

माझे साडू वामनराव यांनी गेल्या वर्षी सासूबाईंना आपल्या स्टेशन वॅगनमधून सिरोंच्याला नेलं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. रस्त्यात एक धक्का लागला नाही, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. चांदा ते सिरोंचा धक्क्यांशिवाय दुसरं काही नाही, हे सगळ्यांना ठाऊक; तरी सगळे माना डोलावत. माझ्या अंगाचा तिळपापड होई. गाडी माझीही तसलीच होती, वर रंग माझा चांगला.

गुपित लोहाराकडून कळलं. वामनरावांनी मागच्या चाकांवरच्या कमानींत दोन-दोन पाटे जास्त बसवून घेतले होते. पोलादाच्या या पट्ट्या वाढवल्या की भरलेली गाडी मागे बसत नाही. मी त्याच लोहाराकडून तीन-तीन बसवून घेतले आणि घरी चकार शब्द काढला नाही. साडूची नक्कल केली, हे बायकोच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

धान निघाल्यावर, ऐन थंडीत निघालो. गाडीत मी, सासूबाई आणि सिरोंच्याला मास्तर असलेल्या मेहुण्यासाठी दोन पोती तांदूळ. तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल चांद्यालाच भरून घ्या आणि दोन डबे जास्तीचे ठेवा, पुढे भरवसा नाही. गोंडपिपरीपर्यंत रस्ता बरा आहे. आष्टीला वैनगंगा आडवी येते; दोन होड्यांवर फळ्या बांधून त्यावर गाडी चढवतात. सकाळी लवकर पोचलात तर फार खोळंबा होत नाही. काठावर गरम भजी मिळतात, ती जरूर खावीत.

नदीपलीकडे सागाचं जंगल लागलं आणि माझी फजिती सुरू झाली. गाडी मागे बसत नव्हती हे खरं, पण पाटे इतके ताठ की बैलबंडीच्या चाकोरीतला प्रत्येक दणका सरळ कण्यात. सासूबाई दांडा धरून गप्प बसल्या होत्या. कशा आहात, असं दोनदा विचारलं, तर नुसती मान हलवली. त्या मनात वामनरावांची गाडी आठवताहेत, याची मला खात्री होती. मी चिडून आणखी जोरात हाकली.

आलापल्लीला लाकडाच्या लॉऱ्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्यानं खाली वाकून पाहिलं.

"भाऊ, हे लॉरीचं काम गाडीले काऊन केलं? एक-एक पाटा काढून टाकतो."

त्यासाठी सामान उतरवावं लागलं. पोत्यांच्या मागून गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड निघालं. उघडलं, तर चटणी वाटायचे दोन दगडी पाटे. एक आमच्या घरचा, दुसरा शेजारणीचा. आधीच तापलो होतो. हे धोंडे कुणी भरले म्हणून ओरडलोच.

"मीच ठेवले, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "वामनराव सांगून राह्यले होते, दोन पाटे जास्त टाकले म्हून गाडी हालत नाई. तुमच्या गाडीत तर काईच नोतं. तुमाले लाज वाटन म्हून बोलली नाई."

मिस्त्री हसला नाही, गाडीखाली शिरला. सत्तरीच्या बाईनं पहाटे एकेक करून ते दगड उचलून आणले होते, कुणाला न सांगता. मला शरमेनं वर बघवेना.

पुढचा रस्ता खरोखर सुखाचा झाला. नाले कोरडे होते, दोन ठिकाणी मोर दिसले. सिरोंच्यात दुकानदार तेलुगूत बोलतात, खुणांनी भागतं. नदीचे ताजे मासे मात्र चुकवू नका. आम्ही चार दिवस राहिलो.

परतल्यावर वामनराव चौकशीला आले. कंबर पार मोडली, असं सासूबाईंनी त्यांना सरळ सांगितलं आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच गाडीतून जायचं ठरवूनही टाकलं. वामनराव माझ्याकडे बघून हसले. मग मी त्यांना दगडांची गोष्ट सांगितली, माझ्या लपवाछपवीसकट. ते पोट धरून हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"माह्या गाडीत त्यायनं कदी काई ठेवलं नाई," ते म्हणाले.