माझा अर्ध्या भाड्याचा पार्टनर

भाडं सोडून जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्याला देऊन टाकणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा रूम पार्टनर निघाला. उमरेडचा गडी, घरी पूर्वी हातमाग, नोकरी बुटीबोरीच्या एका कारखान्यात. नागपुरात धरमपेठेतली खोली आम्ही मिळून घेतली, तेव्हा करारात लिहिलं होतं की पूर्ण भाड्याला दोघंही जबाबदार. ते कलम वाचून हा गहिवरला. "पाह्य गा, घरमालकालेही समजते, आपण काही वेगळे नाही!" तेव्हापासून माझे शर्ट तो हक्काने घालू लागला, आणि स्वतःची उशी पाहुण्यांना देऊन माझ्या उशीवर झोपू लागला.

मार्च लागला की त्याच्या अंगात कूलर संचारायचा. गल्लीतला प्रत्येक कूलर खोलायचा, बाजूच्या ताट्यांमधलं गवत बदलायचं, पंप धुवायचे, आणि मजुरी विचारली की कान पकडायचे. "ओळखीच्या माणसाले पैसे कसे मांगू गा?"

यंदा त्याचं भाडं थांबलं. एक महिना, दोन, तीन. घरमालक काका तगादा लावायचे तो मात्र माझ्याकडे.

"काका, त्याले काहून नाही मांगत?"

काकांनी त्यानेच फुकट लावून दिलेल्या कूलरच्या झोतात डोळे मिटले. "एवढ्या उन्हात त्याले दुखवू? सही दोघांची आहे, तू दे. नाही तर दोघंही खोली खाली करा."

मग कळलं, त्याची नोकरी होळीआधीच गेली होती. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, तो लोकांचे कूलर लावायला. तोवर दोघांचं भाडं भरून माझी शिल्लक संपत आली होती. शेवटी तोच म्हणाला, "माह्यं नाव काढून टाक. मी उमरेडले जातो." मी नाही नाही म्हणालो, पण जरा हळूच म्हणालो.

नवा करार झाला तो नव्या पार्टनरबरोबर. ऐनवेळी एक साक्षीदार आलाच नाही. हा बॅग घेऊन निघतच होता. बॅग खाली ठेवून त्यानेच साक्षीदार म्हणून सही ठोकली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "आता माह्या भाड्याचा जिम्मा तुह्यावर नाही गा!"

तो जिना उतरला तेव्हा मला हायसं वाटलं. त्याची लाज अजून वाटते. नवा पार्टनर एक तारखेला न चुकता भाडं देतो. भला माणूस आहे, पण संध्याकाळी घरी परतायची घाई आता मला नसते.