दहा मिनिटांनंतरचा माझा होकार

"हिची पर्स टेबलवर रिकामी करा."

प्रॉडक्शनचे साहेब हे मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. मीटिंगच्या खोलीत अकरा माणसं बसली होती. मी एकटी उभी होते.

गेटवरच्या सिक्युरिटीच्या मावशींना त्यासाठीच वर बोलावलं होतं. रोज सकाळी मला "आलीस का गं?" विचारणाऱ्या त्या मावशी. पर्सची चेन उघडताना त्या हळूच म्हणाल्या, "माज्याकडं बघू नगं, पोरी." मग एकेक वस्तू काचेच्या टेबलावर ठेवत गेल्या. जेवणाचा डबा. कंगवा. बसचा पास. माझ्या बापाच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. पेपरात गुंडाळलेला पॅड. पेपर सुटला. कुणीतरी खोकल्याचं नाटक केलं, बाकीचे बघत राहिले.

पितळी बुश काही निघाला नाही. बुश म्हणजे आमच्या कंपनीच्या पंपात बसणारं पितळेचं जाड नळकांडं, एकेक पाव किलोचं. तसल्या बुशांच्या पेट्यांच्या पेट्या गायब होत्या. पेट्या पर्समधून कशा जातील, हे त्या अकरा शिकलेल्या माणसांपैकी कुणाला सुचलं नाही. मलाही नाही सुचलं. मला फक्त तो पॅड उचलून पर्समध्ये टाकायचा होता आणि हात हलत नव्हता.

भिंतीवरच्या पडद्यावर माझं नाव होतं. एकाखाली एक, सतरा वेळा. 'मंजुरी देणार', आणि पुढे माझं नाव, शाळेच्या दाखल्यावर आहे तसं, बापाच्या नावासकट.

"सतराही वेळा मंजुरी तूच दिलीस," साहेब म्हणाले. "माल गेला. ज्या ऑर्डरीसाठी गेला ती ऑर्डरच अस्तित्वात नाही. बोल आता."

मी रडले. त्याची लाज मला आजही वाटते. साहेब शेजारच्याला म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं. मेंढरं वळणाऱ्यांना मेंढरंच वळू द्यावीत." खोलीत सगळे हसले.

आमची मेंढरं होती, ते खरं आहे. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला आमचा धनगरवाडा, सात घरांचा. मी तिथली पहिली बारावी. पौडला सख्ख्या मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला. तोवर डोंगरावर बंगल्यांची तारेची कुंपणं पडत गेली, चराई संपली, मेंढरं विकावी लागली. ज्या माळावर माझा बाप कळप घेऊन बसायचा, त्याच माळावरच्या बंगल्याचा तो आता वॉचमन आहे. पिरंगुटमधली आमची भाड्याची खोली आणि धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण माझ्या पगारावर चालत होतं. कीव यावी म्हणून सांगत नाही. त्या मीटिंगच्या खोलीत उभी असताना माझं काय काय पणाला लागलं होतं, ते समजावं म्हणून सांगते.

बापाला आम्ही आबा म्हणतो. आबांची मेंढरू विकायची एक रीत होती. सौदा ठरला, पैसे हातात आले, तरी गिऱ्हाइकाने मेंढराला हात लावायचा नाही. आबा मेंढराच्या पाठीवर हात ठेवायचे, क्षणभर थांबायचे, आणि तोंडाने म्हणायचे, "दिलं." मग दोरी सोडायचे. एकदा एक खाटीक घाईत होता, त्याने आधीच दोरी ओढली. आबांनी पैसे परत केले. आईने तेव्हा दोन दिवस आबांशी अबोला धरला होता.

मी स्टोअरला लागले तेव्हा ही रीत माझ्याबरोबर आली. ठरवून नाही, आपोआप. चिठ्ठी बघायची, रॅकवरून माल काढायचा, वहीत लिहायचं, समोरच्याच्या हातात ठेवताना म्हणायचं, "दिलं." पोरं चिडवायची. "दिलं का ओ मॅडम?" मीही हसायचे. चार वर्षांत माझ्या स्टोअरमधला एक नट इकडचा तिकडे झाला नव्हता, म्हणून हसू यायचं.

साहेबांना चिठ्ठीचा राग होता. ते माणूस पाठवायचे, निरोप पाठवायचे, "अर्जंट आहे, दे." मी द्यायचे नाही. एकदा स्वतः आले. म्हणाले, "अख्खा प्लांट माझ्या सहीवर चालतो आणि मी तुला चिठ्ठी लिहून देऊ?" मी घाबरत घाबरत म्हटलं, "साहेब, चिठ्ठी न्हाई तर माल न्हाई."  ते जाताना माझ्या वहीवर बोट आपटून गेले.

मग कंपनीत ई-आर-पी आलं. म्हणजे खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन, पगार, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये. ते बसवायला बावधनच्या एका ऑफिसातला तरुण इंजिनिअर आला. मला ताई म्हणायचा. आठ दिवस माझ्या शेजारी स्टूल टाकून बसला. ताई, माल कोण मागतं? ताई, तुम्ही नाही कधी म्हणता? मी सगळं सांगितलं, जीव तोडून सांगितलं, मला आजवर कुणी एवढं विचारलंच नव्हतं. तो कोड लिहायचा नाही. पडद्यावर चौकोन ओढायचा, बाणाने जोडायचा, आणि फॉर्म तयार. मीही दोन फॉर्म तसे बनवले. त्या दिवशी घरी जाऊन बहिणीला सांगितलं, "मी सॉफ्टवेअर केलं." माझा आनंद पोटात मावत नव्हता.

शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांना ते दाखवलं. शॉपवर, म्हणजे मशिनांपाशी, ठेवलेल्या टॅबवरून मागणी येणार. ती कंपनीने मला दिलेल्या मोबाइलवर वाजणार. मी मंजूर म्हटलं की स्टोअरच्या जाळीच्या दाराचं कुलूप आपोआप उघडणार. वही नको, चिठ्ठी नको. अखेरीला एक चौकोन होता, त्यात 'दहा मिनिटं' लिहिलेलं. तो म्हणाला, "दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर ऑटो-अप्रूव्ह. प्रॉडक्शन थांबायला नको, ही साहेबांची खास सूचना."

मी विचारलं, "म्हंजी मी जेवायला गेले असले तर?"

"तर सिस्टिम तुमच्या वतीने मंजुरी देईल. तुम्ही निवांत जेवा, ताई."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. हे मला लपवायचं नाही. माझी नाही म्हणायची जागा माझ्या डोळ्यांदेखत पुसली आणि मी टाळ्या वाजवल्या.

पुढचे काही महिने मोबाइल वाजायचा, मी मंजूर करायचे. मात्र रॅक मला वेगळं सांगत होती. आम्हा मेंढरंवाल्यांना कळप मोजावा लागत नाही. नुसती नजर फिरवली की कोण नाही ते कळतं. बुशचा कप्पा बघून मला कळत होतं, हे माझ्या हातून गेलेलं नाही. मी साहेबांना सांगायला गेले. ते म्हणाले, "पडदा काय म्हणतो? तेवढंच ना? मग रॅककडे कशाला बघतेस?" मी परत आले आणि गप्प बसले. पगाराची नोकरी होती, गप्प बसले.

नंतर बाहेरचे तपासणीवाले आले आणि ती मीटिंगची खोली, ती पर्स.

एच.आर.च्या मॅडमनी मला चार पानं दिली. पहिल्यावर लिहिलं होतं की माझ्या हलगर्जीपणामुळे माल गेला, मी जबाबदारी घेते आणि राजीनामा देते. मागे सतरा नोंदींची यादी. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "सही केलीत तर अनुभवाचं सर्टिफिकेट मिळेल. नाही केलीत तर पोलिस तक्रार. तीन दिवस विचार करा."

तीन दिवस मी घरी खोलीच्या कोपऱ्यात पडून होते. जेवण जात नव्हतं. पोलिस दारात आले तर घरमालक त्याच दिवशी सामान बाहेर काढेल, हे ठाऊक होतं. पिरंगुटपासून हिंजवडीपर्यंत चोर म्हणून नाव झालं तर कुठली कंपनी दारात उभं करेल? बहिणीला कॉलेजात काय सांगायचं? एकदा तर वाटलं, घाटात जाऊन सगळं संपवावं. वाटलं, हे खरं आहे. बहीण समोर अभ्यास करत बसली होती म्हणून उठले नाही.

आई म्हणाली, "सही कर, बाई. नाव काय भाजून खायचंय का? आपुन गरीब हाय. करून टाक."

आबा डोंगरावरून आले होते, वॉचमनच्या त्या निळ्या शर्टातच.  मग त्यांनी एवढंच विचारलं, "तू दिलं व्हतं का?"

"न्हाई, आबा."

"तुज्या तोंडानं?"

"न्हाई."

"मंग?" एवढं बोलून ते पाणी प्यायला उठले.

मी ती पानं पहिल्यांदा नीट वाचायला घेतली. तोवर मला त्यात फक्त माझं नाव दिसत होतं. आता बाकीचं दिसलं. मागणीची वेळ, मंजुरीची वेळ. बारा चाळीसला मागणी, बारा पन्नासला मंजुरी. एक पाचला मागणी, एक पंधराला मंजुरी. मी पेन घेऊन एकेक ओळ तपासली. सतराच्या सतरा ओळींत दहा मिनिटं. ना नऊ, ना अकरा. बहुतेक सगळ्या जेवणाच्या सुट्टीतल्या, आणि त्या सुट्टीत मोबाइल स्टोअरमध्येच चार्जिंगला ठेवायचा असा साहेबांचा नियम होता. दोन नोंदी गुरुवारच्या. गुरुवारी मला सुट्टी, आणि तो मोबाइल कंपनीच्या बाहेर न्यायला बंदी. आणि मागणाऱ्याच्या जागी सगळीकडे फक्त 'प्रॉडक्शन विभाग'. मागणाऱ्याला नाव नव्हतं. देणारीला होतं.

माझं रडू तिथेच थांबलं. त्या जागी राग आला. असा राग मला आधी कधी आला नव्हता. चार वर्षं मी ज्याला नाही म्हणत होते, त्याने मला काढलं नाही, मारलं नाही. त्याने माझ्या नावाचा होकार बनवून घेतला होता, माझ्याचकडून सगळं विचारून.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच खोली. मी पानं टेबलावर ठेवली आणि तिथे बोलावलेल्या त्या बावधनच्या इंजिनिअरला विचारलं, "दादा, ही दहा मिनिटं कुणाची? माजी का तुमची?"

त्याने लॅपटॉपवर त्या नोंदी उघडून बघितल्या. मग म्हणाला, "टेक्निकली ते सिस्टिमने अप्रूव्ह केलंय. पण रेकॉर्डला युजरचं नाव जातं."

"युजर कोन?"

"तुम्ही, ताई."

साहेब पुढे सरकले. "सिस्टिम दाखवली तेव्हा टाळ्या वाजवत होतीस. तेव्हा का नाही बोललीस?"

ते मला लागलं. कारण ते खरं होतं. मी म्हटलं, "व्हय, वाजवल्या. तेवढी चूक माजी. पन ह्यातलं येक बी मी दिलं न्हाई. कुनी मागितलं, ते टॅबवाल्यांना इचारा. मी सही करनार न्हाई."

"तक्रार होईल," मॅडम म्हणाल्या.

"करा."

मी सतराही ओळींसमोर माझ्या हाताने लिहिलं, 'हे मी दिलेलं नाही.' सतरा वेळा लिहिलं. सगळे घड्याळं बघत होते. मी एकही ओळ सोडली नाही. मग माझ्या स्वतःच्या मोबाइलने चारही पानांचे फोटो काढले. साहेब ओरडले, मी काढत राहिले. गेटवर माझं ओळखपत्र कात्रीने कापलं. तेही मावशींनाच कापायला लावलं.

माल कुठे गेला, मला आजही माहीत नाही. साहेब त्याच खुर्चीत आहेत. माझ्यावर तक्रार आहे, दोनदा पोलिस चौकीत बसून आले. पुण्याच्या कामगार कार्यालयात मी अर्ज दिलाय, तिथे तारखा पडतात. तीन कंपन्यांनी मुलाखत घेतली आणि जुन्या कंपनीला फोन केल्यावर नको म्हणून कळवलं. आता मी लवळ्याच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये चपात्या लाटते. बहिणीचं शेवटचं वर्ष कसं भरायचं, हे आज तरी मला माहीत नाही.

मेसमध्ये मागच्या महिन्यात हजेरीचं नवीन ॲप आलं. ठेकेदार म्हणाला, सगळ्या बायांनी पटापट बोटं लावा. मी पोळपाट बाजूला ठेवून उभी राहिले. म्हटलं, "आदी सांगा. आमी हितं नसताना हे आमच्या नावानं काय काय बोलनार?"  त्या दिवशी चौदा बायांपैकी एकीनेही बोट लावलं नाही. मलाही वाटलं नव्हतं की सगळ्या थांबतील.

कंपनीच्या वकिलाचा अजून फोन येतो. माफीचा दोन ओळींचा कागद, त्यावर सही, की तक्रार मागे, सर्टिफिकेट हातात. दर वेळी तो म्हणतो, "घाई नाही, निवांत विचार करून सांगा."

मी विचार करायला वेळ घेत नाही. दहा मिनिटं तर मुळीच नाही. त्याचं वाक्य संपायच्या आत माझ्या तोंडाने सांगते, "न्हाई."