मांडीवरचं कोकरू

विमानाचं दार लागलं की माझी छाती आवळून येते. लेक परदेशात, म्हणून दरवर्षी हे सोसायचं. आता तर भ्यायचाही कंटाळा आलाय. आज मात्र मांडीवरच्या शालीचा लोकरीचा वास नाकात गेला आणि नारायणगावहून आण्याला निघालेली वडापची जीप आठवली.

लग्न नुकतंच झालेलं. जीपमध्ये माणसं कोंबलेली, ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक पाव्हणा बसलेला. मागे मधोमध अडकलेल्या मला श्वास घेता येईना. खाली उतरवा म्हणून ओरडावंसं वाटत होतं, पण समोरच सासरे बसलेले. नव्या सुनेनं तोंड उघडावं कसं? शेजारी मेंढरं राखणारी एक म्हातारी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घोंगडीत गुंडाळलेलं कोकरू माझ्या मांडीवर ठेवलं.

"पोरी, लई भ्यालंय गं ह्ये. जरा हात फिरव त्याच्यावर."

आण्याचा घाट चढून होईपर्यंत मी त्याला थोपटत राहिले. "आलंच हं गाव," असं पुटपुटत राहिले. माझा श्वास कधी मोकळा झाला, कळलंच नाही.

विमान धावायला लागलंय. मी शालीवरून हात फिरवतेय, आणि इतक्या वर्षांनी आज ध्यानात येतंय, तिनं माझ्या मांडीवर ठेवलं तेव्हा ते कोकरू गाढ झोपलेलं होतं.