पहिली वाटी आणि माझं केळ्याएवढं पोट

अन्वी आणि आरुष, तुमच्या आजीने एका संध्याकाळी साडेतीनशे पाहुण्यांना समुद्र पाजला, ही बातमी तुमच्यापर्यंत पोचली आहे.

परवा मी आंघोळीला गेल्याची संधी साधून तुमच्या आजोबांनीच ती व्हिडिओ कॉलवर सांगितली. त्यांच्या हकिगतीत पाण्याचे तीन टँकर आले, एक पाहुणा बेशुद्ध पडला आणि नवरदेव मांडवातून पळून गेला. यातलं काहीही घडलेलं नाही. (टँकर एकच होता.) मी सत्तावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यातली सात मुख्याध्यापिका होते. माझ्या घरातून खोटा इतिहास कॅनडाला जाऊ देणं मला शक्य नाही. म्हणून हे आजच, क्रमाने लिहायला बसले.

सुरुवात माझ्या पोटापासून. साखर वाढलेली, गुडघे जिना बघूनच कण्हायला लागायचे आणि वजनाचा काटा तर मी खोलीत शिरले की थरथरायचा! ठाण्याच्या डॉक्टरांनी पोट लहान करायची शस्त्रक्रिया सुचवली.

"आत्ता तुमचं पोट पिशवीसारखं आहे. नंतर केळ्याएवढं उरेल," ते म्हणाले.

"कुठला केला?" आजोबांनी केळ्याची जात विचारली. "येलची का राजेली?"

डॉक्टरांना हा प्रश्न वैद्यकीय परीक्षेत आला नसावा.

शस्त्रक्रिया छान झाली. आहार सांगणाऱ्या मुलीने मला सूचनांचा कागद दिला. मी त्या निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, बावीस कलमांत लिहून काढल्या, लॅमिनेट केल्या आणि फ्रिजवर लावल्या. त्यातलं चौदावं कलम असं होतं : 'काही आठवडे तोंडाची चव बदलते. चवीवर भरवसा ठेवू नये.' त्याखाली मी लाल शाईने दोन रेघा ओढल्या. मुलांनो, हे कलम लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पहिले दोन आठवडे खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने डाळीचं पाणी प्यायचं, तेही दर पाव तासाने एक घोट. त्यासाठी मी मोबाइलवर शाळेच्या घंटेचा गजर लावला. घंटा झाली की आजोबा गॅलरीतून ओरडायचे, "मास्तरीन, तास बदलला!"

तिसऱ्या आठवड्यात मऊ, कुस्करलेलं जेवण सुरू झालं. तुमच्या बाबाच्या उष्टावणाचा चांदीचा चमचा मी कपाटातून काढला. एक घास, तीस वेळा चावायचा. मी मनात मोजायची आणि बरोबर एकोणिसाव्याला आजोबा विचारायचे, "झाला का घास?" की मोजणी पुन्हा एकपासून! माझी चार चमचे खिचडी संपेपर्यंत त्यांच्या तीन भाकऱ्या, सहा बोंबील आणि एक डुलकी उरकलेली असायची. शिवाय एक चमचा जास्त झाला की मला शिंका यायच्या. ओळीने सहा. पोट भरल्याची माझी ती नवी खूण होती.

वजन मात्र भराभर उतरलं. बांगड्या कणकेत सापडायला लागल्या. साडीच्या निऱ्या दुप्पट झाल्या. खालच्या मजल्यावरच्या शाहीनबी जिन्यात मला बघून किंचाळल्याच, "या अल्लाह! दीदी, बाकी की आधी किधर गयी?"

"पित्ताशयातले खडे काढले," मी म्हणाले.

"खडे थे या पहाड?"

खड्यांची ही थाप मी सगळीकडे मारली होती. खरं फक्त आजोबांना माहीत होतं आणि त्यांना मी तुमच्या बाबाची शपथ घातली होती. एवढी लपवालपवी कशासाठी? तर एका वाटीसाठी.

आपल्या भावकीत, वळ गावात, हळदीच्या जेवणाची एक रीत आहे. मटणाच्या रश्श्याची पहिली वाटी घरातल्या थोरल्या सुनेकडे येते. ती चाखते आणि म्हणते, "वाढा." त्याआधी पंगत बसत नाही, मग खुद्द मंत्री का येईना! माझ्या सासूबाई गेल्यापासून, म्हणजे गेली बावीस वर्षं, ही वाटी माझी. भिवंडीत राहणारी, इंग्रजी बोलणारी, भाकरी गोल न येणारी सून म्हणून गावाने मला पुष्कळ सुनावलं होतं, पण माझ्या जिभेपुढे सगळे गप्प. आता पोट कापून घेतल्याचं कळलं, तर वाटी सरळ माझ्या धाकट्या जावेकडे, कुंदाकडे जाणार! आणि शस्त्रक्रियेनंतर सहाव्याच आठवड्यात हळद निघाली, तीही कुंदाच्या मुलाची, राकेशची.

हळद आपल्या रिकाम्या गोडाऊनमध्ये होती. जिथून ट्रक भरतात त्या ओट्यावर नवरदेव पिवळाधमक होऊन बसलेला, आतल्या बाजूला रश्श्याचे चार मोठे टोप. सूर्य मावळायच्या आत बाळाराम आचाऱ्याने वाटी आणली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी चांदीचा चमचा पर्समधून काढला. (शास्त्र म्हणून, असं सांगितलं.) टोक बुडवलं, जिभेला लावलं.

काहीच नाही! गरम पाण्यात लोखंडी खिळा उकळावा तशी चव.

"अळणी आहे," मी म्हणाले.

बाळारामचं तोंड पडलं. "काकी, मी सोता मीठ घातलंय."

"मग आणखी घाल. अर्धा पुडा, प्रत्येक टोपात."

घातलं. पुन्हा चमचा. पुन्हा खिळा.

"अजून अर्धा."

"काकी, पानी सुटंल डोल्यातना!"

"बाळाराम, बावीस वर्षांत माझं कधी चुकलंय का?"

त्या बिचाऱ्याने पुन्हा पुडा उचलला. कुंदा चौथ्या टोपापाशी स्टुलावर बसली होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टोपाकडे बघितलं आणि झाकणावर हात ठेवून बसून राहिली. मला वाटलं, दमली असेल. तिसऱ्या अर्ध्या पुड्यानंतर मला कुठे अंधूक चव लागली. मी मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वाढा!"

पहिली पंगत बसली. पहिला घास गेला. साडेतीनशे माणसांच्या मांडवात अशी शांतता मी शिक्षणाधिकाऱ्यांच्या तपासणीलाही अनुभवली नव्हती. मग एकदम हाका सुरू झाल्या, "पानी! अरे, पानी आन!" जार संपले. माठ संपला. नवरदेवाच्या अंगावर ओतायला ठेवलेली कळशीसुद्धा कोणीतरी तोंडाला लावली. शेजारच्या गोडाऊनवर आलेला टँकर दोघांनी हात जोडून इकडे वळवला.

कुंदाचा भाऊ, म्हणजे नवरदेवाचा मामा, मानकोलीहून आला होता. तो ताटावरून उठला. (हळदीत मामा ताटावरून उठणं म्हणजे लग्न अडण्याइतकं रुसणं; बाकीचं तुमच्या बाबाला विचारा.)

"खाडीचा पानी वतला काय रश्श्यात? कोनी चाखला ह्यो?"

"थोरल्या काकीनी," कोणीतरी म्हणालं.

"मंग म्हाताऱ्या झायल्या त्या. जीभ गेली त्यांची!"

मी चांदीचा चमचा पदराआड लपवला. आणि तेवढ्यात पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून तुमचे आजोबा गरजले. चाळीस वर्षांत माझी बाजू घेऊन ते प्रथमच ओरडत होते.

"ए मामा! जीभ न्हाय गेली तिची! प्वाट कापलंय! केल्याएवढं उरलंय! सा आठवडं डालीच्या पान्यावर हाय, आन तरी वाटीचा मान राखाला आलीय!"

डीजेवाल्याने गाणं बंद केलं. मला सहा शिंका आल्या. पोट रिकामं असून!

मग कुंदा उठली. माझी खात्री होती की आता ती वाटी मागणार. तिने चौथ्या टोपाचं झाकण उघडलं.

"बालाराम, ह्यात मी मीठ घालू दिलं न्हाय. हा थोडा थोडा त्या तिघांत वता. बटाटे सोला, नारलाचं दूध काढा, आन भात मीठ न घालता शिजवा." मग भावाकडे वळून म्हणाली, "आन दादा, तू बस. माझ्या जावेला बोलायचं काम न्हाय."

"तुला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"पैल्या अर्ध्या पुड्यालाच."

"मग बोलली का नाहीस?"

"चार बायकांत तुमची चूक काढू? वयनी, टोप वाचवता येतो. मानूस कसा वाचवाचा?"

तासाभरात रस्सा माणसांत आला. मामा पुन्हा बसला आणि बटाटे मागून मागून जेवला. माझी लाज मात्र वायाच गेली, कारण त्यानंतर गोडाऊनच्या शटरमागे एकेक बाई मला गाठायला लागली. "काकी, दुखतं का हो?" "काकी, माझे पन गुडगे..." शेवटी खुद्द मामा आला, पोट आत ओढून. "वैनी, त्या डाक्टरचा नंबर?"

घरी येऊन मी पहिल्यांदा फ्रिजपुढे उभी राहिले. चौदावं कलम, लाल शाई, दोन रेघा, अक्षर अतिशय सुवाच्य. आजोबा मागून म्हणाले, "मास्तरीन, प्रश्नपत्रिका तुझीच, आन नापास पन तूच!"

मुलांनो, आता चव परत आली आहे. साखर उतरली आहे. जिना मी न थांबता चढते. गेल्या महिन्यात भावकीत आणखी एक हळद झाली. पोट गेलं, गुपित गेलं, जिभेचा दरारा गेला. पण वाटी राहिली. कुंदाने आधी टोपापाशी स्वतः चाखून बघितलं, मग वाटी घेऊन आली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "मीठ बरोबर हाय. आता तुमी चाखा."

मी चाखलं. मीठ बरोबर होतं. "वाढा," मी म्हणाले आणि पंगत बसली.

रश्श्याची पहिली वाटी अजूनही माझ्याकडेच येते. ती दुसरी असते, एवढंच.