दुसऱ्या घरातला नोड
परवा वसतिगृहात एकानं भिजलेला मोबाइल तांदळात पुरून ठेवला, आणि त्या तांदळाच्या वासानं मला आमच्या वाडीतला माझा कॉलेजचा प्रकल्प आठवला. पालीजवळच्या त्या उतारावर मोबाइलला रेंज नाही, म्हणून मी पाच घरांच्या खिडक्यांत पाच छोटे रेडिओ नोड बसवले होते. प्रत्येकानं वरून आलेला निरोप खालच्या घराला द्यायचा. पावसाळ्यात सर तपासायला आले आणि उताराखालच्या शेवटच्या घरात बसले. पास-नापास त्यावरच होतं. मी सगळ्यात वरच्या घरातून ‘चाचणी एक’ असा निरोप पाठवला, पण खालच्या घराच्या खिडकीत नोडचा दिवा काही लुकलुकेना. चिखलातून घसरत दुसऱ्या घरी, काकीकडे गेलो, तर खिडकीत नोडच नाही. “दमट हवेनं बिघडेल म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलाय, झाकण घट्ट लावून,” काकी कौतुकानं म्हणाली. “अगं काकी, स्टीलच्या डब्यातून निरोप जाईल कसा?” मी रडकुंडीला आलो. “रडतोस काय मेल्या? निरोप काय तो सांग.” मी सांगितला. तिनं अंगणाच्या दगडी गडग्यावरून खाली हाक दिली, “अगोऽ, सरांना सांगा, चाचणी एक!” तिसऱ्या घरानं ती हाक उचलली, चौथ्यानं पुढे नेली, आणि थोड्याच वेळात तशीच घरोघर चढत उलटी हाक आली, “सर म्हणतायत, मिळालाऽ!” डब्याबाहेर काढल्यावर नोडही चालला आणि मी पास झालो. पण निरोप मिळाल्याची पोच परत पाठवायला मी माझ्या नोडना शिकवलंच नव्हतं, हे सरांना मी अजून सांगितलेलं नाही.